अकरावीचे वर्ष आणि पदवी प्रवेशाची तयारी

पदवी प्रवेशाचे अर्ज बारावीच्या वर्षात भरले जातात. पण त्या अर्जात जे लिहावे लागते त्यातले बरेचसे अकरावीतच ठरून गेलेले असते. कोणते विषय घेतले, अकरावीचा अभ्यास किती पक्का झाला, जातीच्या दाखल्याची पडताळणी कुठवर आली, आधारवरचे नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का, हे सारे बारावीच्या जानेवारीत बघू म्हटले तर वेळ पुरत नाही. तेव्हा प्रात्यक्षिके, जेईईचे पहिले सत्र आणि मंडळाची लेखी परीक्षा एकमेकांना खेटून येतात. २०२५ मध्ये बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि ५ मेला निकालही लागला. मधल्या काळात सीईटी आणि नीट उरकायच्या होत्या. नवी मुंबईतल्या विद्यार्थ्याच्या हाती थोडे निवांत असे जे महिने असतात, ते अकरावीचेच.

अकरावीच्या धड्यांचे वजन

राज्य मंडळाच्या अकरावीची वार्षिक परीक्षा कनिष्ठ महाविद्यालय आपल्या पातळीवर घेते. मंडळाचा पेपर नसल्यामुळे ‘पास झाले म्हणजे झाले’ अशी समजूत घराघरांत असते. ती महागात पडते. अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष जी एमएचटी-सीईटी घेतो, तिच्यात अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वाटा असतो. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे असतात. एकूण २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे जवळपास ४० गुण अकरावीच्या पुस्तकातून येतात. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि वरच्या पट्ट्यात विद्यार्थ्यांची इतकी दाटी असते की थोड्या गुणांनीही क्रमांक बराच खाली घसरतो. अकरावीचे कोणते धडे सीईटीला आहेत याची यादी कक्ष स्वतः जाहीर करतो. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, संभाव्यता असे धडे त्या यादीत असतात. ही यादी अकरावीच्या सुरुवातीलाच छापून वहीत चिकटवलेली बरी. २०२६ पासून ही परीक्षा दोनदा घेण्याचा निर्णय झाला आहे. त्यातली दुसरी संधी ऐच्छिक आहे. संधी दोन मिळाल्या तरी अकरावीचे धडे तेच राहतात.

जेईई मेन आणि नीटला अशी २०-८० ची विभागणी नाही. दोन्ही वर्षांचा अभ्यास जवळपास सारख्याच वजनाने विचारला जातो. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात आणि त्यातला शरीरक्रियेचा मोठा भाग एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. इथे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण येते, ती वेळीच ओळखावी लागते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची भौतिकशास्त्राची पुस्तके धड्यांच्या क्रमात जुळत नाहीत. रोटेशनल डायनॅमिक्स हा राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकातला पहिला धडा आहे. थर्मोडायनॅमिक्स आणि वायूंचा गत्यात्मक सिद्धांतही तिथे बारावीतच येतात. एनसीईआरटीमध्ये हे तिन्ही अकरावीत आहेत. उलट स्थिर विद्युतशास्त्राची सुरुवात राज्य मंडळ अकरावीत करते आणि एनसीईआरटी बारावीत. त्यामुळे वाशी किंवा कोपरखैरण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्य मंडळाचे वर्ग करून जेईईच्या शिकवणीला जाणारा विद्यार्थी एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या क्रमांनी शिकत असतो. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका शेजारी ठेवून कोणता धडा कुठे आधी येतो ते जूनमध्येच मांडून घेतले, तर गोंधळ निम्मा होतो. नेरूळ, खारघरच्या सीबीएसई शाळांतल्या विद्यार्थ्यांना हेच काम उलट दिशेने करावे लागते. एमएचटी-सीईटी द्यायची असेल तर बालभारतीची पुस्तके वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

शिकवणी आणि महाविद्यालय एकत्र असलेल्या ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेचे आकर्षण नवी मुंबईत मोठे आहे. तिथे प्रवेश नावापुरता आणि हजेरी कागदावर असा प्रकार असेल, तर सावध राहावे. बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. शिवाय प्रयोगशाळेत पाऊल न टाकलेल्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकांचे गुण आणि पुढे अभियांत्रिकीचे पहिले वर्ष, दोन्ही जड जातात. अकरावी-बारावीसाठी राजस्थानातील कोटा शहरात किंवा अन्य राज्यात जाण्याचा विचार असेल, तर त्याचा परिणाम आधी समजून घ्यावा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल, तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असणे आणि राज्याचा अधिवास असणे अशी सर्वसाधारण अट असते. बारावी राज्याबाहेर केलेला विद्यार्थी नीटमध्ये चांगले गुण मिळवूनही या कोट्याला मुकू शकतो.

विषय कशासाठी घेतले

अकरावीत विषय बदलण्याची मुभा सुरुवातीचे काही आठवडेच असते. विज्ञान शाखेत गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट जवळपास बंद होते आणि जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयची. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो आणि दुसऱ्या भाषेची व एका ऐच्छिक विषयाची जागा घेतो. बहुतेक वेळा सुटणारा हा ऐच्छिक विषय जीवशास्त्र असतो. गुण चांगले मिळतात म्हणून बायफोकल घेणाऱ्यांनी वैद्यकीयचा दरवाजा आपण बंद करतो आहोत हे जाणून तो विषय घ्यावा. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र हे चारही विषय घेऊन दोन्ही वाटा खुल्या ठेवता येतात, पण सप्टेंबरपर्यंत एक परीक्षा मुख्य म्हणून ठरवावी. जेईई आणि नीट दोन्ही पूर्ण ताकदीने पेलणारे विद्यार्थी फार थोडे असतात.

वाणिज्य शाखेत आता पूर्वीसारखी स्थिती राहिलेली नाही. बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागू झाली. काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बीकॉमच्या नावाखाली सुरू ठेवला, त्याला सीईटी लागत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे आजचे नेमके नाव महाविद्यालयाकडूनच विचारून घ्यावे. वरच्या वर्गातल्या ओळखीच्यांनी सांगितलेली माहिती दोन वर्षांत जुनी होते. सनदी लेखापाल व्हायचे असेल तर फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरच करता येते आणि परीक्षा बारावीनंतर देता येते. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅट हवी असेल, तर ती बारावीच्या डिसेंबरातच होते. म्हणजे तिची खरी तयारी अकरावीत झालेली असावी लागते. डिझाइनचेही तसेच आहे. खारघरच्या निफ्टसाठी, एनआयडीसाठी आणि आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीडसाठी अर्ज बारावीच्या दिवाळीच्या मागेपुढे सुटतात, आणि चित्र काढण्याचा हात महिन्याभरात तयार होत नाही.

कागदपत्रे: सर्वात संथ काम

गुण वर्षभरात वाढवता येतात. पण सरकारी कागद आपल्याच गतीने येतो. त्यातही सर्वाधिक वेळ घेणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना ते लागते. पडताळणीचा अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत करता येतो, आणि नवी मुंबईतल्या कुटुंबांनी तो अकरावीतच करावा, यामागे ठोस कारण आहे.

जातीचा दाखला आज राहतो त्या पत्त्यावरून मिळत नाही. कुटुंब ठराविक मानीव दिनांकाला जिथे राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून तो मिळतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, त्यानंतर नवी मुंबई उभी राहिली. म्हणजे इथल्या बहुसंख्य कुटुंबांचे आजोबा या तारखांना साताऱ्यात, सांगलीत, सोलापुरात, जुन्नरला किंवा मुंबईच्या चाळीत होते. बाजार समितीत माथाडी म्हणून काम केलेल्या आजोबांचा नातू घणसोलीत जन्मला, घणसोलीतच शिकला, तरी त्याचा दाखला मूळ गावच्या प्रांत कार्यालयातून निघतो आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे जाते. दिघ्यापासून उरणपर्यंतच्या मूळ गावांतील आगरी कुटुंबांचे पुरावे त्या मानाने जवळ, ठाणे किंवा पनवेलच्या नोंदींमध्ये सापडतात. दूरच्या गावाच्या फेऱ्या मात्र मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुटीतच जमतात.

पुराव्यात सर्वात वजनदार ठरतो तो मानीव दिनांकाच्या आधीचा कागद, ज्यावर वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची जात लिहिलेली आहे. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळवावा. ते शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबांचा किंवा आत्याचा दाखला शोधावा. तोही नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूच्या नोंदी तपासाव्यात. गावाकडे त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. जुनी नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून केलेले प्रमाणित लिप्यंतर जोडावे लागते. वडिलांच्या घराण्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल, तर काम बरेच सोपे होते, म्हणून चुलत भावंडांकडे पहिली चौकशी करावी. वंशावळीच्या शपथपत्रातील नावे आणि दाखल्यांवरची नावे यांत ‘दगडू’ आणि ‘दगडोबा’ एवढाही फरक असला तर समिती विचारणा करते. तो फरक आधीच शपथपत्रात स्पष्ट करावा.

अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘हिंदू’ असते. शाळा सोडल्यावर ती नोंद बदलणे अवघड होते. दहावीपर्यंतच्या शाळेशी संबंध ताजा असताना, म्हणजे अकरावीच्या आरंभीच, हे पाहून घ्यावे.

बाकीचे दाखले तुलनेने सोपे आहेत, पण त्यांच्या मुदतीकडे लक्ष हवे. उत्पन्नाचा दाखला आणि वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून निघतो. इथे पत्त्याचा जिल्हा बघावा लागतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात. जिल्ह्याच्या हद्दीच्या अलीकडे-पलीकडे घर बदललेल्या कुटुंबांचे अर्ज चुकीच्या तहसिलीत जातात आणि परत येतात. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, आणि प्रवेशासाठी तो प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. अकरावीत काढलेला एक वर्षाचा दाखला बारावीनंतर उपयोगी पडणार नाही. जात वैधता अकरावीत आणि नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचे दाखले बारावीच्या एप्रिलनंतर, असा क्रम ठेवावा.

केंद्राच्या संस्थांसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो. आयआयटी, एनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय कोट्यात ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि प्रमाणपत्र केंद्रीय नमुन्यातले लागते. राज्याचा एसईबीसी प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही. तो विद्यार्थी तिथे खुल्या गटात धरला जातो, आणि निकषात बसत असेल तर केंद्रीय नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढू शकतो.

नावाचा घोळ छोटा दिसतो, पण परीक्षेच्या अर्जात तोच अडवतो. राज्य मंडळाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. आधारवर बहुधा नाव आधी असते, कधी वडिलांचे नाव नसतेच, कधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जास्त असते. जेईई, नीट घेणाऱ्या एनटीएच्या परीक्षांत जन्मतारीख आणि नाव आधारशी पडताळले जाते. दहावीचे प्रमाणपत्र आधार मानून आधार कार्ड दुरुस्त करणे हाच सोपा मार्ग आहे. चूक दहावीच्या प्रमाणपत्रातच असेल, तर अर्ज शाळेमार्फत मंडळाच्या मुंबई विभागीय कार्यालयाकडे करावा लागतो. ते वाशीतच आहे, हा नवी मुंबईकरांचा फायदा. नीट देणाऱ्यांनी जन्मतारीख आणखी एका कारणासाठी पाहावी: प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण असावे लागते.

महाविद्यालयांची ओळख

संस्थांची माहिती बारावीनंतर घाईत गोळा केली की जाहिरातीच जास्त वाचल्या जातात. नवी मुंबईत तर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन संस्थांच्या प्रवेशाचे नियम वेगळे असतात. नेरूळचे तेरणा वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्याचे प्रवेश राज्याच्या प्रक्रियेतून होतात. त्याच नेरूळमधले डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचे एमजीएम ही अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांच्या वैद्यकीय जागा केंद्रीय एमसीसीच्या समुपदेशनातून भरल्या जातात आणि राज्याच्या सामाजिक आरक्षणाची रचना तिथे नसते. अभियांत्रिकीत वाशीचे फादर ॲग्नेल, नेरूळचे एसआयईएस आणि तेरणा, ऐरोलीचे दत्ता मेघे, कोपरखैरण्याचे लोकमान्य टिळक, बेलापूरचे भारती विद्यापीठ, नवीन पनवेलचे पिल्लई ही मुंबई विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालये आहेत. नेरूळचे रामराव आदिक मात्र आता अभिमत विद्यापीठाचा भाग आहे.

हा फरक घरच्या खर्चावर थेट परिणाम करतो. संलग्न खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ होते. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो आणि अभिमत व खासगी विद्यापीठांना हा निर्णय लागू नाही. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशालाही नाही. अनेक पालक ही अट न वाचता ‘मुलींचे शिक्षण मोफत’ एवढेच लक्षात ठेवतात आणि प्रवेश झाल्यावर पस्तावतात. या लाभांचे आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर होतात. त्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते अकरावीत उघडून ठेवावे.

मागील वर्षांचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि ते वाचायला शिकणे हा अकरावीच्या एखाद्या रविवारचा चांगला उद्योग आहे. रकान्यांवरचे सांकेतिक शब्द आधी परके वाटतात. ‘जी ओपन एच’ म्हणजे सर्वांसाठी, खुला गट, स्वविद्यापीठ क्षेत्र. ‘एल’ म्हणजे महिलांच्या राखीव जागा, ‘ओ’ म्हणजे अन्य विद्यापीठ क्षेत्र, ‘एस’ म्हणजे राज्य पातळी. नवी मुंबईत बारावी झालेल्या विद्यार्थ्याने मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी ‘एच’चा रकाना बघायचा, पुण्याच्या महाविद्यालयांसाठी ‘ओ’चा. एकाच महाविद्यालयात दोन्ही रकान्यांचे आकडे वेगळे असतात. काही संस्थांना भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे. तिथे जागांचा मोठा हिस्सा त्या समाजासाठी असतो, हेही आकड्यांवरून दिसते. तीन वर्षांचे कटऑफ शेजारी ठेवले की शाखांची वाढती-घटती मागणी समजते आणि अवास्तव अपेक्षाही गळून पडते.

प्रवासाचा हिशेबही आकड्यांइतकाच खरा आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआय किंवा आयसीटीला जायचे तर नेरूळहून हार्बरने वडाळा गाठून पुढे जावे लागते. चार वर्षे रोज हा प्रवास जमेल का, हे अकरावीच्या सुटीत एकदा गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. संस्थेच्या आवारात जाऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी बोलल्यावर प्रयोगशाळा चालू आहेत का आणि शिक्षक टिकतात का ते लगेच कळते.

राज्याबाहेर आणि परदेशात

दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी लागते. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या बीए, बीएस्सी, बीकॉमला ती लागत नाही, तिथे बारावीचे गुण आणि विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी पुरते. अमेरिकेतील विद्यापीठे मात्र नववी ते बारावी अशी चारही वर्षांची गुणपत्रिका मागतात आणि अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत घेतात. तोवर बारावीचा निकाल नसतो. त्यामुळे जी अकरावी घरात कुणी मोजत नाही, तिचेच गुण तिथे सर्वात ताजे म्हणून वाचले जातात. सॅट देणे, शिक्षकांना शिफारसपत्रासाठी पुरेसा वेळ देणे, अकरावीची गुणपत्रिका महाविद्यालयाकडून नीट शिक्क्यासह घेणे ही कामे अकरावीनंतरच्या उन्हाळ्यातच करावी लागतात. सिडकोच्या नियोजित एज्युसिटीसाठी जून २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीच्या आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. अशा परदेशी विद्यापीठांच्या भारतातील शाखा प्रवेशाचे निकष आणि शुल्क स्वतः ठरवतात. ते राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेत येत नाहीत आणि वर सांगितलेली शुल्कमाफी तिथे गृहीत धरता येत नाही.

पसंतीक्रम भरण्याची वेळ बारावीनंतर येते, पण त्याचा नियम आधीच माहीत असावा. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप निश्चित होत होती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. सुरक्षित वाटते म्हणून मनात नसलेले महाविद्यालय वर लिहिणाऱ्याला तेच पत्करावे लागते, अन्यथा पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. दरवर्षी नियमावलीत काही ना काही बदल होतो, म्हणून अकरावीत असताना चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचून ठेवावी आणि स्वतःच्या वर्षाची पुस्तिका आली की बदललेली कलमे तेवढी तिच्याशी ताडून पाहावीत.